झळकाईचा बुधवार

झळकाई नावाची देवी जगात कुठेच नव्हती. हैदराबादेत विद्यानगरच्या एका घरात, नामदेवरावांच्या टेबलावर, भर दुपारी ती जन्माला आली आणि जन्माचं कारण होतं शुद्ध चिडचिड. घरोघरी केबल आली होती. बाजारात रोज नवा परदेशी माल येत होता. शेजारपाजारची शहाणीसुरती माणसं चपला काढून, टीव्हीवरच्या देवांच्या मालिकेपुढे उदबत्ती लावून बसत होती. कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या या लेखकाला देवाचं वावडं नव्हतं, देवाच्या जाहिरातीचं होतं.

म्हणून त्यांनी एक खोटी व्रतकथा लिहिली. श्रावणात बायका हातात अक्षता धरून कहाणी ऐकतात ना, हुबेहूब त्या थाटाची. या देवीला जे जे चमकतं ते आवडतं आणि अक्षरांचा तिला भयंकर राग. तिच्या वारी घरात कोणी काही वाचायचं नाही. पोथी नाही, पेपर नाही, पोराचं पुस्तकही नाही. मग ती रंगीत टीव्ही देते, फ्रिज देते, मुलाला अमेरिकेला पाठवते. शेवटी लेखक स्वतः पुढे येऊन म्हणतो, की बायांनो, हे सगळं मी रचलं आणि तुम्ही अक्षता धरून बसलात.

नेहमीप्रमाणे ती आधी पद्मावतींनी वाचली. लग्न झाल्यापासून नवऱ्याचं एकही पान त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय छापायला गेलेलं नव्हतं, आणि एकही पान वादावाचून गेलेलं नव्हतं. “इथं तुम्ही उगीच हुशारी दाखवायलात,” असं म्हणून त्या सरळ काट मारत. नामदेवराव फणफणत, जेवत नसत, आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने ती काट मान्य करत. समीक्षकांनी त्यांची स्तुती केली होती, पण त्या स्तुतीवर त्यांचा विश्वास नव्हता. विश्वास होता तो या काटेवर.

झळकाई वाचताना पद्मावती पदर तोंडात धरून हसल्या. देवीचा वार नामदेवरावांनी शुक्रवार ठेवला होता.

“शुक्रवारी आधीच देवांची गर्दी आहे,” त्या म्हणाल्या. “बुधवार द्या तिला. बिचारा मोकळाच असतो.”

बुधवार ठरला. कहाणी एका दिवाळी अंकात आली आणि दिवाळी अंकातल्या बहुतेक गोष्टींसारखी विसरली गेली.

ती विसरला नाही तो अरविंद. हा नामदेवरावांचा जुना विद्यार्थी, गौलीगुड्यात त्याचं कॅसेटचं दुकान. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला त्याने कहाणी एका गोड गळ्याच्या बाईकडून वाचून घेतली, मागे पेटी-झांजा लावल्या आणि कॅसेट काढली. लेखक पुढे येतो तो शेवट मात्र कापला. कुकटपल्लीच्या नव्या फ्लॅटांतल्या ज्या सुनांना मराठी वाचताना घाम फुटायचा, त्यांनी ती कानांनी ऐकली आणि हात जोडले. न वाचण्याचं व्रत त्यांना जड जाणार नव्हतंच. वर्षाच्या आत झळकाईला चेहरा मिळाला, चार हात मिळाले आणि एका बिल्डरने तिला जिन्याखाली देऊळ दिलं.

नामदेवरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. ते तडक दुकानात गेले.

“शेवट का कापलास?”

“सर, मी काय गुन्हा केलो?” अरविंद शांतपणे म्हणाला. “शेवट ऐकून बायका उठून गेल्या असत्या. तुमची पुस्तकं कोण वाचतंय इथं? ही कहाणी घराघरात गेली. लेखकाला आणखी काय पायजे?”

“मी त्यांची चेष्टा केली होती, अरविंद.”

“हौ. पण त्यांना ती वाटली नाही ना.”

विद्यार्थ्याने फसवलं, हे त्यांना खुपत होतं. पण विद्यार्थी तेवढ्यासाठीच असतात, अशी स्वतःची समजूत घालत ते घरी आले. खुलासा लिहून काढायचा, पद्मावतीला दाखवायचा आणि छापायचा, एवढं ठरवून त्यांना जरा हलकं वाटलं.

खुलासा एका बैठकीत लिहून झाला. ते कागद घेऊन स्वयंपाकघरात गेले, तेव्हा फळीवर, गणपतीशेजारी, चार हातांची झळकाई होती. ओमकार, त्यांचा मुलगा, अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीसाठी मद्रासला गेलेला होता. पद्मावतींनी कागदाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

“आज बुधवार आहे,” त्या म्हणाल्या.

नामदेवरावांना आधी वाटलं, ही थट्टा करतेय. ते हसलेही. मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला.

“अगं, बुधवार तू दिलास तिला. माझ्यासमोर, इथं बसून.”

“दिला ना. तेव्हा हसायलो होतो आपण.” त्या फळीकडे वळल्या. “पोराला दोनदा नकार आला. मी सगळ्यांना सांगून पाहिलं, त्या गणपतीला, तुळजापूरच्या आईला. आता हिला सांगते. तुमच्या मनात ती उगीच आली असेल का? कुणीतरी सुचवलं असेल ना.”

“मला कोणीही सुचवलं नाही. मी चिडलो होतो.”

“असू दे,” त्या म्हणाल्या आणि निरांजनात तूप घालू लागल्या.

ओमकारला व्हिसा मिळाला.

पेढे वाटून झाले, मुलगा विमानात बसला, आणि मग एका गुरुवारी नामदेवरावांनी तोच खुलासा पुन्हा पुढे केला. गुरुवारी वाचायला हरकत नव्हती. हा कागद पद्मावतीने फाडला असता तरी त्यांना चाललं असतं. तिने भांडावं, निदान एक ओळ कापावी, एवढीच त्यांची इच्छा होती. पहिल्याच परिच्छेदात त्यांनी मुद्दाम एक फुगीर, हुशारी मिरवणारं वाक्य घातलं होतं. पूर्वीच्या पद्मावतीने ते दारातूनच ओळखलं असतं.

पद्मावतींनी चष्मा लावून सगळं वाचलं. देवी खोटी आहे, मी रचली आहे, माझ्या बायकोलाही हे ठाऊक आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. वाचून त्यांनी कागद नीट जुळवले, कपाळाला लावले आणि नवऱ्याच्या हातात परत दिले.

“काही काटायचं नाही?” नामदेवरावांनी विचारलं.

“तुमच्या हातून तिने कहाणी लिहून घेतली,” पद्मावती म्हणाल्या. “त्या हाताचं मी काय काटू?”