कोबेकरांचा दहावा

कावळा काही येईना. नदीकाठच्या बाभळीवर चार कावळे बसले होते, पण एकही खाली उतरायला तयार नव्हता. आसारामने थोरल्या भावाचा, धुळाजीचा पिंड ठेवून बराच वेळ झाला होता. मेलेल्याची इच्छा कशात तरी अडकली की कावळा शिवत नाही, म्हणून तो हात जोडून पुढे झाला.

"दादा, शेताची काळजी करू नगंस. वैनीला मी अंतर देणार न्हाई."

कावळे हलले नाहीत.

"शेताचं न्हवं ते," धुळाजीचा पारावरचा सोबती म्हाळू म्हणाला. "ह्यो कोबेकर. ह्याचा जीव तिकडंच गुतलाय."

कोबेकर हे नाव सिरसाळ्याने कौतुकापेक्षा चेष्टेनेच दिले होते. रुईची चिमूट ओढून तिच्या धाग्याची लांबी सांगण्यात धुळाजीचा हात धरणारा परभणीच्या बाजारात कुणी नव्हता. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने ते हेरले आणि हा मोगलाईतला कुणबी जहाजात बसून जपानात, कोबे शहरातल्या वखारीत रुई पारखायला गेला. सात वर्षांनी बाप अंथरुणाला खिळला म्हणून आला. बाप गेला, शेत बघायला कुणी हवे म्हणून तो थांबला, तो चौदा वर्षे थांबला.

पारावर बसला की तो गावाला कोबे हिंडवून आणी. बंदराच्या धक्क्यावरून निघायचे, मोतोमाचीच्या रस्त्याने कागदाच्या छत्र्या बघत जायचे, इकुताच्या देवळात हात जोडायचे, नुनोबिकीच्या धबधब्याशी बसून बिनदुधाचा चहा प्यायचा आणि शेवटी सुवायामाच्या टेकडीवर चढायचे. "धारूरच्या किल्ल्यावर उभं ऱ्हावं, आन खाली समदा दर्या," असे तो सांगे. वसुलीला आलेल्या अंमलदारालाही त्याने हे ऐकवले होते. गाव हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकायला बसायचे.

म्हाळूने आता तीच वाट धरली. "धुळाजी, मोतोमाची आठवतीया का? नुनोबिकीचं पानी? ये की बाबा."

दोघाचौघांनी हसू दाबले. कावळा आला नाही.

बायकांच्या घोळक्यात बसलेली बायनाबाई, धुळाजीची बायको, हे ऐकत होती. दाराआडून चौदा वर्षे ऐकताना तिला एक गोष्ट कळली होती. टेकडीवरून धुळाजी थेट वखारीत यायचा. राहायची जागा त्या वाटेवर कधी लागत नसे. "ऱ्हात कुटं व्हतात?" असे तिने एकदा विचारले, तेव्हा "व्हती एक खोली" म्हणून तो बैलांना पाणी दाखवायला उठला होता.

नवव्या वर्षी तिचे लग्न झाले होते. तो परदेशी असताना सात वर्षे ती सासरी दळण दळत राहिली. तो आल्यावर पहिल्या दिवाळीला तिने त्याच्या ट्रंकेला ऊन दाखवले, तर तळाशी लहान मुलीची एक लाकडी खडाव निघाली. जेमतेम सहा बोटे लांब, लाल पट्ट्याची आणि टाचेशी झिजलेली. पायात घातलेली खडाव कुणी शोभेला आणत नाही. तिने ती होती तशी ठेवली. पुढे दर दिवाळीला तिच्याखालचा लिंबाचा पाला तेवढा ती बदलत राहिली.

तिला मूल झाले नाही. लोक धुळाजीला दुसरी बायको कर म्हणाले, तेव्हा त्याने भर पारावर सांगितले, "खोट माज्यात हाय." त्यानंतर तिला वांझ म्हणायची कुणाची छाती झाली नाही. तो खोटे बोलला, हे गावात तिला एकटीलाच ठाऊक होते. शेवटच्या तापात तो "हारू, हारू" म्हणत राहिला आणि ती त्याच्या तोंडात पाणी सोडत राहिली.

"लई येळ झाला," भटजी म्हणाले. "दर्भाचा कावळा करू. शास्त्राला चालतंय."

सगळ्यांनाच हायसे वाटले. भटजी दर्भाला गाठ मारू लागले. तो गवताचा कावळा पिंडाला लावला की मंडळी आंघोळ करून घरी जाणार होती आणि कुणाला काही कळणार नव्हते. बायनाबाईला धुळाजीचा फार राग आला. तिची अब्रू राखली त्यानेच, आणि आता हा भार तिच्या गळ्यात टाकून मोकळा झाला तोही तोच. सकाळपासून ती खडाव तिच्या ओच्यात होती.

"थांबा," ती म्हणाली.

ती पुढे आली आणि पिंडाजवळच्या वाळूवर तिने खडाव ठेवली.

"तुमची पोर हारू माजी बी हाय. मुंबईच्या पेढीवाल्याला कागद लिवून धाडते, तिचा बाप गेला म्हून कळवते. खोट तुमच्यात न्हवती. माज्यात व्हती. आता जावा."

आसारामने मान खाली घातली. बाभळीवरून पंखांचा आवाज झाला आणि एक कावळा उतरून पिंडाला शिवला.

मंडळींनी हात जोडले. दहा दिवसांत बायनाबाई पहिल्यांदा मोठ्याने रडली. आसारामने वैनीला अंतर देणार नाही म्हटले, तेव्हा हाच कावळा जागचा हलला नव्हता. हारूच्या नावाला मात्र तो लगेच आला होता.

घरी येऊन तिने खडावेची वाळू धुतली. ट्रंक उघडली नाही. दारात धुळाजीच्या वहाणा अजून तशाच होत्या. त्यांच्या शेजारी तिने ती ठेवली आणि पदराने उंबऱ्यावरचे पाणी पुसून घेतले.