तळघरातला सागरश्वास

"बघा, बघा! पिवळं गेलं!" हार्लन ओरडला आणि तळघरातली सगळी माणसं एकदम पुढे सरकली.

तळघर माझ्या भावाचं. टेबलावर काचेचा उंच जग होता. त्यात त्याच्या टाकीतलं खारं पाणी होतं, फिक्या चहाच्या रंगाचं. प्रवाळांची टाकी जुनी झाली की शेवाळ आणि माशांचं खाणं कुजून पाण्याला असा रंग चढतोच. जगात एक बारीक नळी सोडलेली, नळीतून बुडबुडे येत होते. थोड्याच वेळात पिवळेपणा विरला आणि पाणी इतकं नितळ झालं की जगाच्या पलीकडे उभ्या असलेल्या बाईच्या स्वेटरवरचं हरीण स्पष्ट दिसायला लागलं. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी डोळे पुसले. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या आमच्या डुलुथमध्ये जानेवारीत माणसं एवढी हळवी होत नाहीत.

"पाणी पाहिलंत?" कॅप्टन म्हणाला. "आता स्वतःच्या छातीत डोकवा. तिथेही हेच पिवळं साचलंय. सागरश्वास पाण्याची घाण खातो, मग तुमची नाही खाणार?"

"खाणार!" हार्लन म्हणाला. हार्लन आमच्या प्रवाळ क्लबचा अध्यक्ष. आयुष्यभर बंदरावर क्रेन चालवली, पण कॅप्टनपुढे पहिलीतल्या पोरासारखा बसायचा.

कॅप्टनचं खरं नाव लोर्न प्रेविट. तो कुठल्या जहाजाचा कॅप्टन होता हे कुणी विचारलं नाही. पांढरी दाढी, निळी टोपी, आवाज मधात बुडवून काढलेला. त्याचा 'सागरश्वास' म्हणजे साधं ओझोनचं यंत्र. पाणी स्वच्छ ठेवायला बरेच हौशी लोक ते लावतात. त्यात नवल काहीच नव्हतं. नवल होतं ते त्याने यंत्रावरून काय काढून टाकायला सांगितलं होतं, त्याचं.

टाकीतला फेस काढणाऱ्या नळकांड्यावर एक डबी बसवतात, कोळशाची. पाण्यात न विरघळलेला ओझोन वर येतो तो त्या कोळशात अडकतो, खोलीत पसरत नाही. "कोळसा म्हणजे श्वासाचा तुरुंग!" कॅप्टनने जाहीर केलं आणि एका हिवाळ्यात अर्ध्या क्लबने डब्या उचकटून कचऱ्यात टाकल्या. पाणी किती शुद्ध झालं ते दाखवणाऱ्या टाकीवरच्या मीटरचा आकडा वाढला की ही मंडळी एकमेकांना फोन करायची, पेढे वाटायचेच काय ते बाकी. तो आकडा फक्त पाण्यापुरता असतो. पण ज्याचा आकडा मोठा त्याचं आरोग्य मोठं, असं कॅप्टन म्हणाला आणि तेच खरं झालं.

आणि टाकीच्या अगदी जवळ, पहिल्या खुर्चीवर, माझी भाची ब्रिटा बसलेली असायची. वय वर्षं नऊ, जन्मापासून दमा.

"वास येतोय का गं, बाळ?" कॅप्टनने विचारलं.

"आधी यायचा. वीज पडून गेल्यावर येतो तसा," ब्रिटा म्हणाली. "आता नाही येत."

कॅप्टनने दोन्ही हात वर केले. "ऐकलंत? वास येणं थांबलं, म्हणजे शरीराने सागर स्वीकारला!"

माझा भाऊ वेंडेल हसला. गेले दोन हिवाळे तो दवाखान्याच्या बाकांवर झोपला होता. मुलीचा श्वास अडकला की त्याचाही अडकायचा. त्याला असं हसताना मी किती तरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. सगळे वर जेवायला गेले तेव्हा मी वेंडेलला जिन्याखाली गाठलं.

"अरे, ओझोन फुफ्फुसाला जाळतो. कोळसा लाव परत."

"आलीस तू शंका घेऊन? मी वाटच बघत होतो."

"ती खोकतेय, वेंडेल."

"कॅप्टन म्हणतो, खोकला म्हणजे घाण बाहेर पडतेय."

"आणि खोकला थांबला तर?"

"घाण संपली."

"वा! छापा पडला तरी त्याचा, काटा पडला तरी त्याचाच. तिचा पंप कुठाय?"

तो हळूच म्हणाला, "पंपाने छाती आळशी होते. ठेवलाय बाजूला."

"डॉक्टरांना विचारलंस?"

"डॉक्टरांनी दोन वर्षांत काय दिवे लावले? हे बघ, आर्डिस, या घरात यायचं तर बुटांबरोबर शंकाही दाराबाहेर काढून येत जा. नाहीतर येऊ नकोस."

मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी वेंडेलला केला. त्याने 'हो हो' म्हटलं आणि केलं काहीच नाही. मग मी तोंड बंद ठेवून येत राहिले, कारण मी गेले नसते तर त्या पोरीकडे बघायला कुणीच उरलं नसतं.

जे दिसत होतं ते चांगलं नव्हतं. मांजर तळघराच्या पायरीवरून खाली उतरेना. टाकीतल्या गोगलगायी पाणी सोडून काचेच्या कडेला येऊन चिकटल्या. हवेच्या नळ्यांना वळणावर चिरा पडल्या. आमच्याकडे हिवाळ्यात खिडक्यांवर प्लास्टिक ताणून कडा टेपने बंद करतात, वाऱ्याची फट राहू देत नाहीत. त्यात हवा कोरडी, आणि कोरड्या हवेत हे यंत्र दुप्पट जोराने ओझोन काढतं. ते तळघर हळूहळू भरत चाललं होतं आणि आत बसलेल्यांना काही कळत नव्हतं.

एके दिवशी प्रवाळाचा तुकडा विकत घ्यायच्या निमित्ताने मी कॅप्टनच्या भाड्याच्या घरी जाऊन आले. जे पाहायचं होतं ते पाहिलं. पुढच्या बैठकीत प्रयोग दाखवायची परवानगी हार्लनकडे मागितली. क्लबच्या नियमाप्रमाणे कुणाही सभासदाला ती मिळते, आणि माझी शाळेत छोटी टाकी आहे.

रविवार होता, चर्चहून परस्पर आलेली मंडळी ताटल्या घेऊन बसली होती. मी शाळेतल्या माझ्याच टाकीतलं पिवळं पाणी आणलं होतं. ते जगात ओतलं, खिशातून एक छोटी बाटली काढली आणि चार थेंब टाकून ढवळलं. पाणी नितळ झालं.

"वा!" हार्लन म्हणाला. "हा कुठला श्वास?"

"कपडे धुवायचं ब्लीच. पाण्याचा पिवळा रंग जाळला की पाणी स्वच्छ दिसतं. ओझोनही तेच करतो. आता बाटलीला नाक लावून कोण छाती भरून घेतं?"

कुणी पुढे आलं नाही. कॅप्टन मात्र मंद हसला. "बाई, आगीने घर जळतं आणि भाकरीही भाजते. विष वेगळं, अमृत वेगळं."

लोकांनी माना डोलावल्या. मी दोन लाकडी पट्ट्या काढल्या, दोन्हींवर एकाच पाकिटातली रबरं ताणून बसवलेली. "ही आठवडाभर माझ्या स्वयंपाकघरात होती. ही इथे, टाकीमागे लटकवली होती." टाकीमागच्या रबरांना आडव्या भेगा पडल्या होत्या. एकाला बोट लावलं तर तुटून पडलं.

"रबर म्हणजे फुफ्फुस नव्हे!" कॅप्टन म्हणाला. हशा पिकला. वेंडेलही हसला.

"बरं. मग तुमच्या स्वतःच्या यंत्रावर कोळशाची डबी का आहे? मी पाहिली. काठोकाठ भरलेली, नवी कोरी. खिडकीही उघडी होती, एवढ्या थंडीत."

क्षणभर त्याचा मध आटला. "माझी गोष्ट निराळी आहे. मी पोहोचलेला आहे. मला आता गरज उरली नाही."

पुन्हा माना डोलल्या, पण या वेळी हार्लनची नाही. त्याने ताटली खाली ठेवली. "आर्डिस, आणखी काही आहे का तुझ्याकडे?"

"एकच. सगळे थोडा वेळ बाहेर अंगणात चला आणि मग परत आत या. बस्स."

"बैठक मोडायची नाही!" कॅप्टन गरजला.

"मला तशीही सिगरेट ओढायचीय," हार्लन म्हणाला आणि उठला. अध्यक्षच उठल्यावर बाकीचे कुरकुरत उठले. मी ब्रिटाचा हात धरला.

"तिला राहू दे," वेंडेल म्हणाला. "गार हवेने तिला धाप लागते."

"हो, मुलीची बैठक अर्ध्यावर आहे," कॅप्टन म्हणाला. ब्रिटाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे, आणि हात सोडवून घेतला. वेंडेलने मला दंडाला धरून जिन्याकडे वळवलं. जिना चढणाऱ्यांत सगळ्यात पुढे कॅप्टन होता.

बाहेर बर्फात सगळे पाय आपटत उभे राहिले. कुणी मला शिव्या घातल्या, कुणी हवामानाला. "डोकं हलकं झालं बुवा," कुणीतरी म्हणालं. हार्लनची सिगरेट संपली तसे आम्ही परतलो.

तळघराचं दार उघडलं आणि हार्लन पहिल्याच पायरीवर थबकला. "अरे देवा, हे काय आहे!" त्याने तोंडावर बाही धरली. मागचे खोकायला लागले. जिथे मघाशी मजेत जेवत बसले होते, तिथे आता नाकात सुया टोचत होत्या. "मघाशी नव्हता हा वास!" एक बाई म्हणाली.

"होता," मी म्हटलं. "नाक बधिर झालं होतं. वास थांबला, ओझोन नाही."

वेंडेल सगळ्यांना ढकलत खाली धावला. "ब्रिटा?"

ती खुर्चीतच होती. खांदे कानाला लागलेले, तोंड उघडं, ओठ निळसर. खोकला थांबला होता, कारण खोकायला आत हवाच उरली नव्हती.

"पंप! पंप कुठाय?" मी ओरडले.

"गॅरेजमध्ये... हत्यारांच्या पेटीत," वेंडेल म्हणाला आणि पळाला. मी तिला उचलून वर आणलं. हार्लनने यंत्राची वायर उपटली, अँब्युलन्स बोलावली. पेटीला कुलूप होतं. वेंडेलने किल्ली शोधली नाही, हातोड्याने पेटी फोडली. या गडबडीत कॅप्टनची गाडी कधी गेली ते कुणी पाहिलं नाही.

ब्रिटा वाचली. पहिले काही दिवस यंत्राने तिला श्वास दिला, खऱ्या यंत्राने. तिच्या घशातली नळी काढल्यावर मी तिच्याजवळ बसले होते. वेंडेल दाराशी उभा होता.

"त्रास होत होता तर सांगितलं का नाहीस गं?" मी विचारलं.

"रोजच होत होता, आत्या," ती खरखरत म्हणाली. "पण कॅप्टन म्हणायचा, शंका घेतली तर बरं होत नाही. आणि डॅडी इतका खूश होता..."

वेंडेल भिंतीला टेकून खाली बसला. मला त्याचा राग होता, अजून आहे. पण त्या वेळी मी जाऊन त्याच्याजवळ बसले.

यंत्राचा दोष नाही. कोळशाची डबी जागेवर, ओझोन बेताचा, खोलीत हवा खेळती, एवढं पाळलं तर ते पाणी स्वच्छ करण्याचं आपलं काम इमानाने करतं. पाण्याचा रंग जाळणारा वायू छातीत गेला तर छाती जाळतो, यात कसलंही गूढ नाही. गूढ एवढंच की आमच्या क्लबातले काही जण आजही म्हणतात, पोरीची श्रद्धा कमी पडली. आणि परवा कळलं, पुलापलीकडे सुपीरियर गावात एका तळघरात पुन्हा पिवळं पाणी नितळ होतंय. तिथेही पहिल्या खुर्चीवर कुणाचं तरी मूल बसवलंय म्हणे.

त्या मुलाच्या आईबापांना माझं सांगणं आहे. मी त्यांना फोन केला, त्यांनी ठेवून दिला, म्हणून हे लिहितेय. त्या माणसाला एकच प्रश्न विचारा: काय घडलं तर तुम्ही चुकलात असं मानाल? त्याच्याकडे उत्तर नसेल. मग मुलाला विचारा, तुला खरंच कसं वाटतंय? विचारताना मात्र हसू नका. तुमचं हसू टिकावं म्हणून ते खोटं बोलेल.