पूल दुपारीच का कण्हतो?

पुलाच्या दोन्ही तोंडांना मुंगीला वाट मिळणार नाही अशी गर्दी होती आणि मधोमध भगव्या कफनीतला बाबा एकटाच हात वर करून उभा होता. खाली लोखंड कण्हत होतं. खोटं कशाला सांगू, मीही दोन पावलं मागे सरले. अडलेल्या बाईनं दात आवळून कण्हावं, तसा आवाज.

"उगी, बाळा, उगी!" बाबानं चिमूटभर राख फुंकली. सूर्य नदीपलीकडे टेकला, आवाज बारीक झाला, थांबला. मोठमोठे बाप्ये हुंदके देऊन रडले. रोज संध्याकाळचा हा खेळ.

पण त्या दिवशी बाबा खाली उतरला नाही. गर्दीत माझ्या सुनेकडे बोट करून म्हणाला, "हिनं पुलाच्या अंगाला हातोडा लावला. पूल जीव मागतोय. उद्या दुपारी हिनं एकटीनं मधोमध बसायचं. निष्पाप असेल तर सोडील!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. रोज आमच्याकडे साखर मागायला येणारी शेजारीणसुद्धा. मी सुनेचा हात धरला आणि घरची वाट धरली.

माझी सून नगरपालिकेत इंजिनियर. गावातले पूल, रस्ते, गटारं तिच्या जिम्म्याला. घरी येऊन तिनं दाराला कडी घातली.

"आई, खांबाच्या माथ्याला चीर गेलीय. ठोकून तेवढंच बघत होते मी. दर दुपारी वाढतेय. पूल बंद केला, तर लोकांनी आडव्या लावलेल्या फळ्या नदीत फेकल्या."

"हवालदाराला सांग की!"

"तो पहिल्या रांगेत हात जोडून उभा होता. दिसला नाही तुम्हाला?"

मी चौथी नापास, पण माझ्या घरात मला विचारल्याशिवाय भांडंही वाजत नाही. मी म्हटलं, "रडू नकोस. मला एवढंच सांग, तो मेला संध्याकाळीच का येतो? पूल दुपारी ओरडतो, तर दुपारी यावं ना! आग लागल्यावर येईल तो बंब, विझल्यावर येईल तो पाहुणा."

सुनेनं डोळे पुसले. मग म्हणाली, "आई, बागेला पाणी घालणारा टँकर मिळेल मला."

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन असं की डांबराला चप्पल चिकटत होती. पूल कालच्यापेक्षा मोठ्यानं कण्हत होता. दोघा दांडग्यांनी सुनेचे दंड धरले. मी मध्ये घुसले.

"हात काढ रे! तुझ्या बारशाला जेवलेय मी. बाबाला बोलवा आधी!"

बाबा आला, पण सावली सोडून पुढे सरकेना.

"कर की शांत," मी म्हटलं. "बाळ रडतंय तुझं."

"माते, दुपार ही साधनेची वेळ नव्हे. शक्ती मावळतीला जागते."

"शक्ती आहे की रातपाळीचा पहारेकरी?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. तेवढ्यात सुनेनं दंड सोडवून हात उंचावला आणि काठावर उभ्या टँकरमधून पाण्याचा फवारा पुलावर पडला. वाफ उठली. पूल कडाड्कन वाजला! माणसं किंचाळत मागे पळाली. दंड धरणारे सगळ्यात पुढे. मी सुनेचा हात सोडला नाही. मनात एकच, ही चुकली असेल तर?

फवारा चालूच होता. कण्हणं तुटक झालं, मग बारीक. मग नुसतं पाणी ठिबकल्याचा आवाज.

"मंत्र कुणी म्हटला?" सुनेनं विचारलं. "उन्हानं लोखंड फुगतं, लांब होतं. म्हणून पुलाच्या टोकाला फट ठेवतात. तुम्हीच तक्रार केलीत, फटीवर गाडी आदळते म्हणून. आमच्या माणसांनी डांबर करताना ती बुजवून टाकली. आता फुगलेल्या पुलाला सरकायला जागा नाही. तो खांबाला रेटतो, घासतो, तोच हा आवाज. ऊन उतरलं की, नाहीतर पाण्यानं लोखंड गार झालं की थांबतो. बाबाला फक्त सूर्य कधी मावळतो ते माहीत आहे. पुलाला जीव नकोय. बोटभर जागा हवीय."

बाबा कधी सटकला कळलंच नाही. हवालदार मात्र एकदम जागा झाला आणि फळ्या आणायला धावला.

पूल बंद झाला, फट मोकळी झाली, खांबाचा माथा नवा झाला. आता गाडी जाताना टुक्कन आदळते आणि कुणी तक्रार करत नाही. शेजारीण पुन्हा साखर मागायला येते. देते मी, पण तिला उंबऱ्याबाहेर उभी करूनच.

भीती मलाही वाटली. वाटावीच, चीर खरीच होती. पण त्या भीतीपायी आम्ही पूल दुरुस्त करणारीलाच पुलावर बसवायला निघालो होतो. म्हणून सांगते, बाबांनो, भ्यालात तरी चालेल, पण विचारा. हे कधी होतं, कधी थांबतं, आणि थांबवणारा नेमका तेव्हाच का येतो? एवढं विचारायला चौथी पास व्हावं लागत नाही.