आत्याचा अंगठा

मास्तरांची कवळी तिसऱ्यांदा तुटली ती भर वर्गात, फळ्यापाशी. तुटली नेहमीसारखीच, वरची आणि बरोबर मधोमध. दोन तुकडे रुमालात गुंडाळून ते भरदुपारी घरी आले, आत्यासमोर, म्हणजे बायकोसमोर, ठेवले.

दुसऱ्या कुणाची कवळी तुटली असती तर त्यानं चार दिवस मऊ खाऊन काढले असते. मास्तरांचं तसं नव्हतं. ज्यांना ऐकू येत नाही अशा मुलांना ते शिकवत, आणि मुलं त्यांच्या ओठांवरून शब्द वाचत. दात नसले की ओठ आत जात आणि सगळे शब्द सारखेच दिसत. वर्गातली सगळ्यात धाकटी मुलगी तर त्या दिवशी वही मिटून रडायलाच लागली होती.

"बास झालं," मास्तर बोळक्या तोंडानं आत्याच्या भाचीला म्हणाले. "राजीनामा देतो. तीस वर्षं मी तोंड बंद ठेवावं म्हणून हिनं देव पाण्यात ठेवले होते, आज पावले."

आत्या हसली नाही. दातांची लॅब तिची, कवळ्याही तिच्याच हातच्या. ही तिसरी तर आत काचेचे तंतू घालून मजबूत केलेली. "चार दिवस द्या," ती म्हणाली. "मग खुशाल द्या राजीनामा."

भाचीला वाटलं, आत्या लगेच चौथी कवळी करायला घेईल. दोन वर्षं ती आत्याच्या हाताखाली शिकत होती आणि तिच्या हातांवर जीव ओवाळून टाकावा असं तिला वाटे. शहरातले डॉक्टर अवघडातलं अवघड काम आत्याकडेच पाठवत. पण आत्यानं काढल्या कवळीच्याच गुलाबी अ‍ॅक्रिलिकच्या तीन पट्ट्या. एक साधी, एक तिनं तंतू घालून केलेली आणि एक तशीच, पण भाचीनं केलेली. दोन लोखंडी सळ्यांवर पट्टी आडवी ठेवायची, मधोमध बादली अडकवायची आणि पाणी ओतत जायचं.

साधी पट्टी सहा लिटरला तुटली. आत्याची सात लिटरला. भाचीच्या पट्टीनं दहा घेतले, अकरा घेतले. बाराव्याला ती वाकली, चिरली, पण दोन तुकडे काही झाले नाहीत.

भाचीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माझी जरा जाड झाली असेल, आत्या."

"मोजून घासल्यात मी," आत्या म्हणाली. तिनं आपली तुटकी पट्टी भिंगाखाली धरली. तंतूंचा जुडगा तुकड्यातून अलगद बाहेर आला होता, कोरडा आणि स्वच्छ. अ‍ॅक्रिलिकनं त्याला धरलंच नव्हतं. "तू तंतू कसे घातलेस, करून दाखव."

भाचीनं दाखवलं. तंतू बोटाला टोचतात म्हणून ती घाबरायची, त्यामुळे सगळं चिमट्यानंच. उचलले, अ‍ॅक्रिलिकच्या द्रवात भिजवले, साच्यात ठेवले. मग आत्यानं स्वतःची रीत करून पाहिली. प्लॅस्टरच्या साच्याला अ‍ॅक्रिलिक चिकटू नये म्हणून अंगठ्यानं व्हॅसलीन लावलं, हात फडक्याला पुसला, तंतू उचलले आणि विस्कटू नयेत म्हणून सुईत ओवायचा दोरा पिळावा तसे अंगठ्यानं पिळले.

ती तिथंच थांबली. अंगठा उजेडात धरला. तो व्हॅसलीननं अजून चकाकत होता.

"हाताला सगळं कळतं म्हणून मी मिरवते," ती म्हणाली. "आणि हाच हात तीस वर्षांच्या सवयीनं घात करत होता. चूक माझी आहे गं. चिमटा दे इकडे, आणि माझ्या शेजारी उभी राहा. हात लावताना दिसले तर फटका मार."

भाचीच्या मनात आत्याबद्दलचा आदर त्या क्षणी दुप्पट झाला. दुसरं कुणी असतं तर खापर मालावर फोडलं असतं, नाहीतर मास्तरांच्या चावण्यावर. आत्या चिमटा धरून, अडखळत, शिकाऊ पोरीसारखी काम करत राहिली. दोनदा तिचा अंगठा पुढे आला आणि दोनदा भाचीनं तो बाजूला सारला.

पाचव्या दिवशी त्या दोघी वर्गाच्या दारात उभ्या होत्या. मास्तर नवी कवळी लावून फळ्यापाशी गेले आणि आवाज न काढता एक वाक्य बोलले. धाकटी उठली, खडू घेऊन तिनं तेच फळ्यावर लिहिलं, 'मी उद्या पण येणार.' वर्गानं बाकं बडवली.

आत्याचे डोळे भरून आले. ती भाचीच्या कानाशी पुटपुटली, "काय देखणे दिसतायत बघ हे."

पण ही मुलं ओठ वाचतात, हे ती साफ विसरली होती. अख्खा वर्ग तिच्याकडेच बघत होता. धाकटीनं खडू खाली ठेवलाच नव्हता. आधीच्या वाक्याखाली तिनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'देखणे.'

मास्तरांनी वळून फळा वाचला, दाराकडे पाहिलं आणि कानापर्यंत लाल झाले. अकरा लिटर पेलणारी कवळी तोंडात होती, पण त्यांना एक शब्द बोलता येईना.