फोनमागचे आवाज

आयुर्विमा कंपनीत कुणाचा विमा उतरवायचा आणि कुणाला वाटाण्याच्या अक्षता लावायच्या, हे मी ठरवते. अंडररायटर म्हणतात आम्हाला. ऑफिसात माझं नाव ‘खडूस बाई’. पाठीमागेच म्हणतात, पण माझे कान तिखट आहेत.

मोठ्या रकमेचा विमा मंजूर करण्याआधी अंडररायटरने अर्जदाराला स्वतः फोन करायचा, ही आमच्याकडची जुनी पद्धत. रक्ताचे रिपोर्ट खोटं बोलत नाहीत, माणसं बोलतात. मी प्रश्न विचारते आणि लक्ष मागच्या आवाजांकडे ठेवते. सिगारेटला शिवत नाही म्हणणाऱ्याच्या मागे लायटर टिचकला की मी ओळखते, स्वारी थापा मारतेय.

पण काहींच्या मागे काहीच नसायचं. एक बसचालक डेपोतून बोलत होता. आजूबाजूला इंजिनं घरघरत असणार, तरी त्याचा आवाज रिकाम्या डब्यातून आल्यासारखा. वर तोच मला म्हणाला, “मॅडम, तुमच्याकडे किती शांत आहे हो!” आमच्याकडे हॉलभर माणसं फोनवर कोकलत असतात. मी हसले आणि अर्ज मंजूर केला. महिन्याभरात तो गेला. मग एक शिंपीणबाई, मग एक दातांचा डॉक्टर. रिपोर्ट ठणठणीत, आवाज डब्यातला, आणि तोंडी तेच वाक्य. तेव्हापासून ते वाक्य ऐकलं की मी अर्ज पुढे ढकलते. साहेबांनी कारण विचारलं तर सांगते, “अनुभव.” अंगावर काटा येतो हे सांगत नाही.

दावे घटले, नफा वाढला, कंपनीचा शेअर चढला. सगळा डोलारा माझ्या कानांवर उभा आहे, हे कुणालाच ठाऊक नाही. आमच्या ह्यांना तर आनंदाचं भरतं आलं. निवृत्तीनंतर हे घरचे शेअरसम्राट. टीव्हीवर बाजाराची वाहिनी सकाळपासून ठणाणा करत असते. “हा शेअर तुझ्या नाकासारखा आहे, सदा वर,” म्हणत ह्यांनी होती नव्हती ती पुंजी त्यातच घातली.

परवा दुपारी, औषध घेतलं का विचारायला मी ह्यांना फोन केला. “घेतलं गं बाई!” आवाज नेहमीसारखा खणखणीत. पण मागे टीव्ही नाही, पंखा नाही, काही नाही.

“तुमच्याकडे किती शांत आहे हो!” माझ्या तोंडून निघून गेलं. पर्स घेतली नि तशीच घरी पळाले. वाटेत देवाला काय काय कबूल केलं, माझं मला आठवत नाही.

दार उघडलं तर टीव्ही कोकलत होता आणि हे पाय पसरून चहा पीत होते.

“छातीत दुखतंय? धाप लागते? डावा हात जड वाटतो?”

“माझा अर्ज भरून घेतेस की काय?” हे हसले.

“मघाशी टीव्ही का बंद केला होतात?”

“बंद? आज बाजार उधळलाय, आणि टीव्ही बंद करीन मी? उलट तुझाच आवाज कसातरी येत होता. रिकाम्या डब्यात तोंड घालून बोलतेयस असा. आज ऑफिसात कुणी नव्हतं का?”

मी खुर्चीत बसले. ते वाक्य नेहमी जाणारं माणूस म्हणतं. आज ते मी म्हटलं होतं.

भीती वाटली, खूप वाटली. पण खोटं कशाला बोलू, त्याआधी सुटल्यासारखं वाटलं. हे नव्हेत.

“अहो, उद्या बाजार उघडला की आपले सगळे शेअर विकून टाका.”

“वेडी का खुळी तू? चढतोय ना!”

“म्हणूनच.”

“अगं, पण कारण काय?”

“अनुभव,” मी म्हटलं आणि टीव्हीचा आवाज आणखी वाढवला.