शॉकअपवरची पट्टी

“काका, हिची सर्व्हिसिंग कशाला करता? ही देऊन टाका, नवीन घ्या,” सायकलच्या मोठ्या दुकानातला विक्रेता म्हणाला.

“माझी नाही. बायकोची आहे.”

“मग काकूंनाच घेऊन या ना. त्यांच्या उंचीला बसेल अशी दाखवतो.”

मी ‘बरं’ म्हणालो आणि सायकल मागे वळवली. वळवताना हँडल काचेच्या दाराला लागलंच.

बायको जाऊन चार महिने झाले. लोकांना सांगायचं तर कुठून सुरुवात करावी, ते अजून जमत नाही. म्हणून मी बरं म्हणतो आणि निघतो.

सायकल डोंगरात चालवायची, जाड टायरची, गिअरची. हिने बावन्नाव्या वर्षी घेतली. मी म्हणालो होतो, “गुडघे कुरकुरायला लागले, आता कसली सायकल?” ही म्हणाली, “म्हणूनच. तुम्ही बसा कुरकुरत.” मग आठ वर्षं दर रविवारी सकाळी टेकडीवर जायची आणि चिखलाने माखून परत यायची. दार उघडून मी विचारायचो, “कोण पाहिजे आपल्याला?” हा आमचा विनोद. दर रविवारी तोच.

आता सायकल मुलगी नेणार होती. ती तिच्या गावी सायकलनेच कामावर जाते. उद्या यायची होती. फोनवर म्हणाली, “बाबा, तेवढी नीट करून ठेवा. आणि आईच्या सायकलवाल्याकडेच द्या. तिने दवाखान्यात सांगितलं होतं तुम्हाला.”

सांगितलं होतं खरं. “सायकल माझ्या सायकलवाल्याकडेच टाका हं. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका.” मी मान हलवली. माझं लक्ष सलाइनच्या थेंबांकडे होतं. कोण सायकलवाला, कुठे बसतो, काही विचारलं नाही. आठ वर्षं ही ज्याच्याकडे जात होती, त्याचं दुकान मला माहीत नव्हतं. हिच्या फोनमध्ये ‘सायकल’ म्हणून एक नंबर सापडला. तो लागत नव्हता.

खूण एकच होती. या सायकलला पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जाड नळ्या आहेत, खड्डा आला की दबतात. त्यांना शॉकअप म्हणतात. त्यातल्या एका नळीवर पांढरी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर मार्करने एकाखाली एक आकडे लिहिलेले होते. ६३, ६४, ६३, ६०, ५७, ५१. मोठ्या दुकानातल्या त्या विक्रेत्यालाही मी आधी तेच दाखवलं होतं. तो म्हणाला, “कुलपाचा नंबर असेल.”

मी एकतीस वर्षं पाण्याचे मीटर वाचले. घरोघर जाऊन वाकून आकडे टिपायचे, तेवढंच काम. पण आकडा बघितला की या घरात कुठेतरी पाणी गळतंय, हे मी मालकाच्या आधी सांगायचो. लोक थक्क व्हायचे. हे आकडे मात्र मला उलगडत नव्हते. मीटरचा आकडा कधी खाली येत नाही.

दुसरं दुकान पंक्चरवाल्याचं. झाडाखाली पाण्याचं घमेलं, भिंतीला लटकवलेल्या ट्यूबा. त्याने गिअरकडे बघून हात वर केले.

“हे आपलं काम नाही हो. चेन इथून काढली तर तिथे अडकते. मी एकदा हात घातला होता, गिऱ्हाईक अजून शिव्या देतंय.” मग त्याला पट्टी दिसली. “अरे, ही काटेवाल्याची सायकल!”

“काटेवाला कोण? मला सायकलवाला पाहिजे.”

“तोच तो. आधी गिऱ्हाईकाला वजनकाट्यावर उभं करतो, मग सायकलला हात लावतो. जुन्या पाण्याच्या टाकीच्या मागे, पत्र्याची शेड. पण जपून, फार बोलतो.”

सायकल ढकलत मी टाकीपर्यंत गेलो. त्या टाकीखालच्या प्रत्येक घराचा मीटर मी वाचलेला. शेड तेव्हा नव्हती, की होती आणि मी बघितली नाही, कोण जाणे.

आत माझ्याच वयाचा एक माणूस चाक फिरवून बघत होता. चष्मा दोरीने गळ्यात. मी ‘नमस्कार’ म्हणायच्या आत तो उठला.

“ही सायकल कुठून आणलीत?”

“घरून.”

“कुणाच्या घरून? ही आमच्या बाईंची सायकल आहे.” त्याने हँडल धरलं, अगदी घट्ट. “खरं सांगा.”

“मी त्यांचा नवरा.”

त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. “मीटरवाले?” आणि हसला. “या, या. बसा ना. माफ करा हं, हल्ली चोऱ्या फार. तुमचं नेहमी सांगतात बाई. आकड्यावरून गळती ओळखता म्हणे.”

मी बसलो.

“फोन तेलाच्या डब्यात पडला माझा, नंबर बदलला. म्हटलं बाई रागावल्या असतील, म्हणून येत नाहीत.” बोलता बोलता त्याने सायकल उलटी केली. “ब्रेक पार गेलेत. कितीतरी महिने चालवलेली दिसत नाही.”

मी पट्टीवर बोट ठेवलं. “हे काय आहे?”

“वजन. या शॉकअपमध्ये स्प्रिंग नसते, हवा असते. चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे भरायची. कमी भरली तर सायकल बसते, जास्त भरली तर हात बधिर होतात. म्हणून दर वेळी काट्यावर उभं करतो आणि इथेच लिहून ठेवतो. बाई चिडायच्या, ‘आकडा मोठ्याने बोलू नका, रस्त्यावर ऐकू जातो.’” तो पुन्हा हसला. मग त्याचं बोट खाली सरकलं. “साठ झालं तेव्हा खूश होत्या. सत्तावन्नला मी म्हणालो, बाई, हे काही सायकलने होत नाही. मी एवढ्या लोकांची वजनं लिहितो, मला कळतं. डॉक्टरांना दाखवा. आणि एक्कावन्न आलं तेव्हा काटाच बिघडला वाटलं. मी स्वतः उभा राहून बघितलं. काटा बरोबर होता. दाखवलं का मग त्यांनी?”

एका रात्री जेवताना ही म्हणाली होती, “अहो, माझा सायकलवाला म्हणतो डॉक्टरांना दाखवा.” मी हसलो होतो. “त्याला म्हणावं, तू आपली चेन बघ.” हीसुद्धा हसली. त्या दिवसांत मी शेजारीपाजारी सांगत फिरत होतो, बघा, सायकलने कशी बारीक झाली. हिचे दोन ड्रेस आत घ्यायला शिंप्याकडे मीच टाकून आलो होतो, हौसेने.

“दाखवलं,” मी म्हणालो. “उशिरा.”

त्याने हातातला पाना खाली ठेवला. परत उचलला. मग दुसऱ्या हातात घेतला.

“म्हणजे बाई...”

“चार महिने झाले.”

बाहेरून कोणीतरी हवा भरायला आलं होतं. त्याने त्यांना नुसत्या हाताने जा म्हणून सांगितलं.

“तुम्ही म्हणालात ते तिने मला सांगितलं होतं,” मी म्हणालो. “मी हसण्यावारी नेलं.”

तो काहीतरी बोलेल असं वाटलं. पंक्चरवाला म्हणाला होता फार बोलतो. पण तो खाली बसला आणि काम करू लागला. ब्रेकच्या वायरी बदलल्या, चेन रॉकेलमध्ये धुतली, गिअर एकेक टाकून बघितले. माझ्या हातात एक फडकं दिलं. मी टायरच्या खाचांतला वाळलेला चिखल काढत बसलो. टेकडीवरचा होता. एका कागदावर जमा होत गेला. तो टाकायचा की ठेवायचा, मला ठरवता येईना. त्याने माझ्याकडे बघितलं, कागदाची पुडी केली आणि माझ्या खिशात घातली.

दीड तासाने त्याने छोटा पंप काढला. “आता हवा. आत अजून एक्कावन्नची आहे. चालवणार कोण?”

“मुलगी.”

“वजन?”

“माहीत नाही.”

“अंदाजे सांगा.”

“अंदाजे नको,” मी म्हणालो आणि फोन लावला.

“बाबा, मिळाला का सायकलवाला?”

“मिळाला. तुझं वजन किती?”

“काय?”

“वजन. हवा भरायची आहे.”

“अहो बाबा, असं कोणी भर रस्त्यात विचारतं का!”

“सांग गं. खरं सांग.”

“अठ्ठावन्न. झालं?”

“अठ्ठावन्न,” मी सायकलवाल्याला म्हणालो.

त्या पंपाने त्याने हवा भरली, पंपावरचा काटा बघत बघत. मग मार्करचं टोपण काढलं. “नवीन पट्टी लावू का?”

“नको. त्याच्याखालीच लिहा.”

एक्कावन्नच्या खाली त्याने अठ्ठावन्न लिहिलं. फोन माझ्या कानालाच होता.

“बाबा? ठेवू का?”

“थांब,” मी म्हणालो. “मागच्या वर्षी किती होतं?”

“मागच्या वर्षी काय किती होतं?”

“वजन.”

 सायकलवाल्याने अजून मार्करचं टोपण लावलं नव्हतं.