अंगठीने मोजलेले महिने

रविवारची प्रार्थना आटोपली की आमचं अर्धं गोर्नो लिपोवो गाव नेदाआजीच्या अंगणात लोटायचं. ऑक्टोबरातल्या त्या रविवारी तर घराघरात मिरच्या भाजायच्या राहिल्या होत्या, पण बाया इथे हजर. माझ्या भावाची बायको झ्लातिना मधल्या खुर्चीवर बसली होती. तिला दिवस गेले होते आणि माझ्या आईला नातू कधी येणार ते जाणून घ्यायचं होतं.

नेदाआजीने झऱ्याच्या पाण्याचा पेला झ्लातिनाच्या पोटाशी धरला. दुसऱ्या हातात लाल दोरा, दोऱ्याला तिच्या मेलेल्या नवऱ्याची अंगठी.

"श्वास रोखा!" आजी गरजली. "माणूस खोटं बोलेल, पाद्री खोटं बोलेल, पोट खोटं बोलत नाही! बोल रे लेकरा, किती महिन्यांचा तू?"

दोरा झुलायला लागला. अंगठी काचेवर आपटली. एकदा, दोनदा, तीनदा... पाच ठोके झाले आणि थांबली.

"पाच!" आजीने डोळे मिटले. "मूल फेब्रुवारीत."

गर्दीने छातीवर क्रॉसची खूण केली. मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "पण मे महिन्यात तर तिचा प्लामेन जर्मनीत होता ना?"

माझा भाऊ प्लामेन मार्चमध्येच तिकडे छपरं घालायच्या कामावर गेला होता. घरी आला तो ऑगस्टात, मेरीमातेच्या सणाला, तीन आठवडे. हे गावात सगळ्यांना ठाऊक. आईचा चेहरा पांढराफटक पडला.

घरी येताच आईने झ्लातिनाचा फोन काढून घेतला आणि तिला वरच्या खोलीत कोंडलं. प्लामेनला कळवलं. तो फोनवर एवढंच म्हणाला, "मी शनिवारी येतो. तोवर तिला बाहेर सोडू नका."

मी शेजारच्याच घरात राहते, शिवणकाम करते. जेवण घेऊन वर गेले तेव्हा झ्लातिना खिडकीशी उभी होती. खाली रस्त्यावरून जाणारे मान वर करून बघत होते.

"ताई, माझी पाळी मेपासूनच आली नव्हती," ती म्हणाली. "पण माझं नेहमीच तसं. कधी दीड महिन्याने, कधी तीन. आईंना मी सांगितलं होतं."

"मग घाबरतेस कशाला?"

"ती अंगठी पाच वेळा वाजली हो." "मलाच वाटायला लागलंय, माझ्याकडून काही घडलं आणि मी विसरले का? असं होतं का कुणाचं?"

मला अंगठीची भीती वाटली नव्हती, या प्रश्नाची वाटली.

त्या रात्री मी माझी अंगठी दोऱ्याला बांधून पेल्यात सोडली. पोटाच्या जागी कांदा ठेवला. मनात सात धरले. हात मी हलवला नाही, शपथेवर सांगते. तरी दोरा झुलला आणि सात ठोके पडले. मग चार धरले, तर चार. मनात असतं तसं बोट नकळत हलतं, एवढंच. म्हणजे आजीच्या मनात पाच आधीपासून होते. ते कुठून आले? सकाळी मी आईला विचारलं, "आजीकडच्या रांगेत तुझ्याशी कोण बोललं?"

"कुणी नाही. आजीची भाची मिलित्सा कॉफी देत होती. गोड पोर आहे. विचारत होती, सुनेला शेवटची पाळी कधी आली म्हणून. मी म्हटलं, मेमध्ये."

प्लामेन शनिवारी आला. वर बायकोकडे गेलाही नाही. "अंगठी माझ्यासमोर वाजू दे," म्हणाला. रविवारी तो, आई आणि मधे झ्लातिना असे निघाले. जणू कैदी नेत होते.

मी आधीच रांगेत जाऊन उभी होते. मिलित्साने कॉफी दिली तेव्हा मी तिच्या कानाशी लागले. "दोन महिने झाले गं, चुकलंय. मी विधवा बाई! कुणाला बोलू नकोस."

"छे, मावशी! मी कशाला बोलू?" म्हणत ती पेला भरून आजीकडे गेली आणि आजीच्या हाताचं चुंबन घ्यायला जरा जास्तच वेळ वाकली.

मी खुर्चीवर बसले. अंगठी दोनदा वाजली.

"दोन!" आजीने जीभ चावली. "अगं रुमेना, नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, आणि पोटात हे?"

गर्दी खवळली. आईने डोक्याचा रुमाल पदरासारखा तोंडावर ओढला. "ताई!" प्लामेन ओरडला.

"आजी, नक्की ना?" मी विचारलं.

"अंगठी चुकत नाही!"

मी उठून उभी राहिले. "माझं गर्भाशय पाच वर्षांपूर्वी सोफिया शहरातल्या दवाखान्यात काढलंय. आईलासुद्धा सांगितलं नव्हतं, लोक अर्धी बाई म्हणतील म्हणून. ऑपरेशनची खूण पोटावर आहे, कुणा बाईला बघायची असेल तर चला आत. आता सांगा, अंगठीने मूल कुठे पाहिलं? मी जे मिलित्साला सांगितलं, तेच वाजलं."

आजी पुटपुटली, "अंगठीला... आत्म्याचं बाळ दिसलं असेल."

म्हातारा कोल्यो फिस्सकन हसला, आणि मग हसू आवरेना कुणाला. फक्त झ्लातिना हसली नाही. आई माझ्याकडे बघत होती, ऑपरेशनची गोष्ट अजून तिच्या गळ्याखाली उतरायची होती.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या डॉक्टरबाई तेओदोसिएवा सोनोग्राफीच्या पडद्यावर बोट ठेवून सांगत होत्या. "पाळी नेमाने येणाऱ्या बाईचे दिवस शेवटच्या पाळीवरून मोजता येतात. हिचं तसं नाही. बीज सुटतं ते पुढची पाळी यायची असते त्याच्या साधारण दोन आठवडे आधी. पाळी लांबली की बीजही उशिरा सुटतं. मेची पाळी हिच्याबाबत काहीच सांगत नाही."

"मग कळतं कसं?" प्लामेनने विचारलं.

"मोजून. सुरुवातीच्या आठवड्यांत सगळी बाळं जवळजवळ एकाच वेगाने वाढतात. हे बघा, अंगठ्याच्या दोन पेरांएवढं आहे. पाच महिन्यांचं असतं तर वीतभर असतं. गर्भ राहिला ऑगस्टच्या मध्यात. आठवडाभर इकडेतिकडे होईल, तीन महिने नाही."

बाहेर आल्यावर प्लामेनने तिचा हात धरायला हात पुढे केला. झ्लातिनाने आपला हात कोटाच्या खिशात घातला.

"मशीनने सांगितलं म्हणून सुटले," ती म्हणाली. "मशीन नसतं तर? माझ्या सांगण्यावर कुणी दार उघडलं नसतं."

फेब्रुवारी आला आणि रिकामा गेला. बाळ मेमध्ये झालं, मुलगी. झ्लातिना आता घरात नीट बोलते-चालते, पण वरच्या खोलीत ती पुन्हा कधी गेली नाही. तिथे आम्ही कांदे ठेवतो.

नेदाआजीच्या अंगणात आजही चार-सहा बाया असतात. त्यांना माझं सांगणं साधं आहे. दोऱ्याला डोळे नसतात. त्याला जे कळतं ते तुम्हीच रांगेत बोललेलं असतं. दिवसांची शंका असेल तर दवाखाना गाठा, आणि लवकर गाठा. पण त्याच्याही आधी त्या पोरीला विचारा. ती तुमच्यासमोरच बसलेली असते.